‘झाली का?’ असं विचारायचं नाही

त्या वॉर्डात सिगारेट ओढायला बंदी होती, मोठ्याने बोलायला बंदी होती, आणि तिसरी बंदी होती ती ‘झाली का?’ असं विचारायला. पहिल्या दोन बंद्यांच्या पाट्या भिंतीवर होत्या. तिसरीची पाटी कुठेच नव्हती, पण ती मोडली की सिस्टर नुसत्या मानेने दाराकडे खूण करायच्या आणि माणूस मुकाट्याने बाहेर जायचा. त्या दाराशी माझी सगळ्यांत जास्त ओळख झाली. मी जन्मभर टेलिफोन ऑपरेटर होते. प्रश्न विचारल्याशिवाय मला घास गिळत नाही.

वॉर्ड होता लघवीच्या तक्रारींचा. प्रत्येक कॉटच्या कडेला एक पिशवी लटकलेली, पिशवीतून एक नळी निघालेली, ती चादरीखाली गेलेली. सगळे पुरुष. बाहेर मिशीला पीळ देऊन हिंडणारे हे लोक इथे पायांवर चादर ओढून, छताकडे बघत पडून असायचे. कोणाची नळी आज निघायची, कोणाची उद्या. आणि ज्याची निघायची त्याला आदल्या दिवशी तयार करायचं काम या सिस्टरांचं. त्यांचं खरं नाव वॉर्डात कोणी घेत नसे. दिवसातून शंभर वेळा ‘घाई नाही, घाई नाही’ म्हणायच्या, म्हणून सगळे त्यांना घाई नाही सिस्टरच म्हणायचे. अंगाने भरलेल्या, पन्नाशीच्या आसपासच्या, चालताना एक बूट कुईकुई वाजायचा. तो आवाज आला की निम्मा वॉर्ड उशीवरून मान उचलायचा.

आमचे हे तिथे दुसऱ्यांदा आले होते, तेच मोठं दुखणं होतं. हे पोहण्याच्या तलावावर कोच. तीस-चाळीस वर्षं पोरांना पाण्यात उतरवतायत. पोरं पाठीमागे ‘मगर’ म्हणतात आणि यांना ते माहीत आहे, वर आवडतंही. प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, नीट झालं, पण नळी काढल्यावर लघवीच होईना. त्या वेळी सिस्टर रजेवर होत्या, आणि आमच्याकडचे सगळे शहाणे हजर होते. माझा दीर म्हणाला, पाणी पाज. माझी नणंद म्हणाली, अजून पाज. तांब्यावर तांब्या रिचवला. शेवटी पोट नगाऱ्यासारखं तट्ट झालं, हे घामाने निथळले, आणि रडवेल्या आवाजात म्हणाले, “घाला बाबांनो ती परत.” लग्नानंतर मी त्यांना पहिल्यांदा रडवेलं बघितलं. मला तेव्हा दिराला आणि नणंदेला एका पोत्यात घालून तलावात सोडावंसं वाटलं होतं.

मग गोळ्या देऊन, नळी तशीच ठेवून घरी पाठवलं. घरी हे खुर्चीत बसून राहिले. पायघोळ पँट, आत पिंढरीला बांधलेली पिशवी. तलावाच्या व्यवस्थापकांचा फोन आला. माणूस भला, पण त्याचाही नाइलाज होता. “लहान मुलांचा वर्ग सुरू व्हायच्या आत तुम्ही पाण्यात उतरू शकलात तर तुमची जागा तुमचीच. नाहीतर मला दुसरा कोच बघावा लागेल.” यांनी फोन ठेवला आणि शिट्टी खिळ्यावरून काढून कपाटात टाकली. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, की या खेपेलाही झाली नाही तर नळी काही महिने राहील, कदाचित पुन्हा ऑपरेशन. म्हणजे सगळं त्या एका दिवसावर येऊन ठेपलं होतं. मी देव पाण्यात घालून बसले होते, आणि ज्यांना खरं पाण्यात बसायचं होतं ते खुर्चीत.

नळी काढायच्या आदल्या दुपारी सिस्टर आल्या. स्टूल ओढलं, बसल्या, खिशातून एक कोरी नळी काढली आणि यांच्या हातात दिली.

“बघा. अशीच एक तुमच्यात आहे.”

हे बघेनात. मी मात्र मान लांब करून बघितलं.

“बघा हो, चावत नाही,” सिस्टर म्हणाल्या. त्यांनी सिरिंजमध्ये थोडं पाणी भरलं, नळीच्या दुसऱ्या फाट्यातून आत सोडलं, आणि टोकापाशी एक छोटा फुगा टम्म फुगला. लिंबाएवढाही नाही. “हा आत जाऊन बसलाय, म्हणून नळी निसटत नाही. उद्या मी यातलं पाणी काढून घेणार. मग हा चपटा. मग नळी आपली आपण यायला मोकळी. आता तुम्ही काढा पाणी.”

“मी?”

“मग काय मी? मला येतं.”

यांनी सिरिंज लावून दांडा मागे ओढला. फुगा बसला. हे त्या चपट्या रबराकडे बराच वेळ बघत राहिले. इतके दिवस ज्या गोष्टीने यांची झोप उडवली होती ती एवढीशी होती.

“फक्त एवढंच?” हे म्हणाले.

“एवढंच. काढताना लांब श्वास सोडायचा. थोडी आग होईल. पहिल्यांदा लघवी लालसर दिसली तर घाबरायचं नाही, पण मला दाखवायची. पाणी एकेक कप, मधे वेळ सोडून. तांब्या दिसला तर मी जप्त करणार.” इथे त्यांनी माझ्याकडे बघितलं. जसा काही तांब्या मीच पाजला होता! “कुंथायचं नाही. पोट दुखायला लागलं तर लपवायचं नाही. आणि काकू, तुम्ही एक गोष्ट विचारायची नाही.”

“कुठली?”

“तीच. तुमच्या ओठावर आलीये तीच.”

माणसाच्या पोटातलं ओठांवर आणायला मला एक कप चहा पुरतो. सिस्टरांना दोन लागले. पूर्वी त्या अपघात विभागात होत्या. तिथे सगळं पळत करायचं, आणि पळण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. मग त्यांच्या सासऱ्यांना अशीच नळी बसली. दुसऱ्या कुठल्याशा दवाखान्यात. काढायला आलेल्या माणसाने कसलीच कल्पना न देता चादर उचलली आणि नळी काढली. काही चुकलं नाही, दोन क्षणांचं काम. पण सासऱ्यांना वाटलं, आपल्या आतलं काहीतरी उपसून काढलं. त्यांनी अशी किंकाळी फोडली की बाहेर उभ्या असलेल्या सुनेच्या हातातला डबा पडला. पुढे ते चांगले ठणठणीत झाले, सायकलच्या दुकानात परत बसायला लागले, पण दवाखान्याची पायरी पुन्हा चढले नाहीत.

“दोन क्षणांचं काम होतं, काकू. सांगायलाही दोनच मिनिटं लागली असती,” सिस्टर म्हणाल्या. “मी घरी आले आणि विचार केला, मी रोज किती जणांना न सांगता हात लावते?” त्यांनी बदली मागून घेतली. सगळे म्हणाले वेड लागलंय, तो वॉर्ड कोणी मागून घेतं का! त्यांच्या सासूबाई अजून पाहुण्यांना सांगतात, की आमची सून मोठ्या दवाखान्यात आहे. काय करते ते सांगत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळी निघाली. मी पडद्याबाहेर होते. आतून सिस्टरांचा आवाज आला, “सोडा श्वास, लांब, अजून लांब,” आणि मग यांचा, “काढताय ना?”

“निघाली कधीच.”

मग वाट बघणं सुरू झालं. हे एक कप पाणी प्यायचे, कॉरिडॉरमधून फेरी मारायचे, परत यायचे. पांढरा प्लॅस्टिकचा पॉट कॉटखाली ठेवलेला होता. जे होईल ते त्यात, मोजायला. शेजारच्या कॉटवर एक बस ड्रायव्हर होते, त्यांची नळी आदल्या दिवशी निघून सगळं सुरळीत झालेलं. सुटलेला माणूस अडकलेल्याला उपदेश करतोच. “मास्तर, मनात धबधबा आणायचा,” ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, “आला का धबधबा?” सिस्टरांनी मानेने दार दाखवलं, तेव्हा ते बिचारे चप्पल शोधायला लागले.

मी? मी तोंडाला कुलूप लावून बसले होते. पण डोळ्यांना कुलूप लावता येत नाही. हे फेरी मारून आले की माझी नजर आपोआप पॉटकडे जायची, आणि हे दुसरीकडे बघायचे. मुलाचा फोन आला. पोराने पहिलं वाक्य काय बोलावं? “झाली का?” मी फोन कापला.

दुपार झाली. डॉक्टर थोड्या वेळात येणार होते. मी थर्मासमधला कोरा चहा यांना ओतून दिला आणि माझा कप धुवायला बेसिनकडे जाऊन आले, तर यांनी पडदा ओढून घेतला होता. आत हालचाल. मी जागच्या जागी थिजले. मग पडदा सरकला, आणि हे पॉट हातात घेऊन उभे.

“झाली,” हे म्हणाले.

मी काय केलं असेल? सांगायला नको. मुलाला फोन लावला, दिराला लावला, नणंदेलाही लावला, तिला थोडं टोचून. ड्रायव्हरसाहेबांनी टाळ्या वाजवल्या, समोरच्या दोन कॉटवरच्यांनी साथ दिली. मला रडू आलं. हे मात्र कॉटवर बसून चादरीची किनार चाळवत होते. मला वाटलं, माणूस भारावलाय.

बूट कुईकुई करत आला. सिस्टरांनी पॉट उचलला, आत बघितलं, मग त्याच्या बुडाला हातमोजा घातलेला तळवा लावला. थोडा वेळ तसाच धरला. मग यांच्याकडे बघितलं, आणि मग माझ्या थर्मासकडे. त्यांनी पडदा ओढला. मी आतच होते.

“सर,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “ही कोमट असते हो. हा तर पार निवालाय. पाणी जास्त झालं आणि चहा कमी.”

मी यांच्याकडे बघितलं. साठीचा माणूस, अख्ख्या गावाच्या पोरांचा कोच, चोरी पकडलेल्या पोरासारखा पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. मला इतका संताप आला की पुढे काय बोलले असते देव जाणे. पण तेवढ्यात यांनी मान वर केली.

“परत ती पिशवी बांधून मी कुठे जाऊ, सिस्टर? काठावर उभा राहू? लहान पोरं आहेत, ती विचारतात. सर, तुम्ही पाण्यात का येत नाही? काय सांगू मी?” यांनी चादर पायांवर ओढून घेतली. “एकदा घरी गेलो असतो तर आपोआप झाली असती. घरी झाली असती.”

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी यांच्या पाठीवर हात ठेवला, तर पाठ लाकडासारखी ताठ.

सिस्टर रागावल्या नाहीत, पण गोडही बोलल्या नाहीत. “घरी गेला असता तर पोट फुगून तडफडत परत आला असता,” त्या म्हणाल्या. छोटं मशीन आणून त्यांनी यांच्या ओटीपोटावर फिरवलं. “बऱ्यापैकी भरलंय. पण अजून वेळ आहे आपल्याकडे. मी डॉक्टरांना सांगून येते, की यांना शेवटी बघा. नाहीच झाली, तर नळी परत घालू. ती मीच घालीन, नीट सांगून घालीन, आणि तेही काही आभाळ कोसळणं नाही. पण खोटं परत करायचं नाही. कबूल?”

“कबूल.”

“आणि काकू, बाहेर.”

“मी कुठे काय विचारलं?”

“तुमचे डोळे विचारतायत. मघापासून.”

मी बाहेर गेले. पण कान काही मी कुठे ठेवून येऊ शकत नव्हते. सिस्टरांनी यांना पॉट दिलाच नाही, सरळ संडासात नेऊन बसवलं. दार लोटून घेतलं, थोडी फट ठेवली, बेसिनचा नळ बारीक सोडला आणि स्टूल घेऊन दाराकडे पाठ करून बसल्या. मी कॉरिडॉरच्या वळणावर, भिंतीला चिकटून.

बराच वेळ नळाचाच आवाज. मग सिस्टर म्हणाल्या, “सर, माणूस तरंगतो कसा?”

“आत्ता हे कशाला?”

“मला येत नाही. लहानपणी कोणीतरी मस्करीत ढकललं होतं, तेव्हापासून बादलीभर पाणी बघितलं तरी दोन पावलं मागे सरते. मुलगी हसते मला. सांगा ना. घाई नाही.”

यांनी घसा खाकरला. आणि मग हळूहळू तो आवाज आला, जो मी घरी कधी ऐकत नाही, फक्त तलावावर ऐकते.

“आधी श्वास सोडायचा,” हे म्हणाले. “लोक श्वास धरून ठेवतात. तीच पहिली चूक. मग खांदे सोडायचे. मग जबडा. दात आवळले की मान ताठ होते, मान ताठ झाली की पाय बुडतात.”

“आणि पोट?”

“पोट आत ओढून घ्यायचं नाही. मोकळं सोडायचं. पाण्याला धरायला जायचं नाही, पाणी आपल्याला धरतं.”

“आणि नाही धरलं तर?”

“धरतं हो! आणि माझे हात असतात की पाठीखाली. एखादा पोरगा तरंगायला लागला ना, की मी हात हळूच काढून घेतो. त्याला सांगत नाही.”

“का बरं?”

“सांगितलं की आवळतो. आणि...”

हे मधेच थांबले. मी भिंतीला अजून चिकटले.

“सिस्टर,” यांचा आवाज अगदी वेगळा आला, “तो नळ बंद करा.”

सिस्टरांनी हात लांब करून नळ बंद केला. पाण्याचा आवाज मात्र चालूच राहिला. आधी थांबत थांबत, मग सलग.

मी तोंडावर पदर दाबून धरला. नाहीतर त्या क्षणी अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं मी ओरडले असते. सिस्टर स्टुलावर तशाच बसून होत्या, दाराकडे पाठ, डोळे मिटलेले, आणि दोन्ही हातांच्या मुठी घट्ट. मला तेव्हा कळलं, की घाई नाही म्हणणाऱ्या बाईलाही किती घाई असते आतून.

मशीन परत फिरवलं. आत थोडं उरलं होतं, चालण्यासारखं. संध्याकाळपर्यंत आणखी दोनदा झाली, आणि दर वेळी कोमट होती. हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण दर वेळी सिस्टरांनी पॉट तळहातावर धरून, यांच्याकडे बघून तपासलं. यांनी तो टोमणा निमूट सोसला. डॉक्टर आले, खूश झाले, म्हणाले, उद्या घरी. निघताना ड्रायव्हरसाहेब यांच्या कानाशी लागून म्हणाले, “सांगितलं नव्हतं, धबधबा आणा म्हणून?” हे म्हणाले, “तुमच्यामुळेच झालं.” मगर कधी कधी मोठ्या मनाची असते.

लहान मुलांचा वर्ग वेळेवर सुरू झाला. पहिल्या दिवशी हे पाण्यात उतरले तेव्हा मी काठावरच्या बाकावर होते. छातीपर्यंत पाणी आलं, आणि यांनी माझ्याकडे बघून शिट्टी वाजवली, उगाचच. मी तोंड फिरवून डोळे पुसले.

एका रविवारी, वर्ग सुटून तलाव रिकामा झाल्यावर, दारातून कुईकुई ऐकू आलं. सिस्टर. बरोबर कॉलेजात जाणारी मुलगी, ती आधीच हसत होती. पोहण्याचा पोशाख नवा, टोपी उलटी. उथळ बाजूच्या कठड्याला त्यांनी असं धरलं होतं, की तो कठडा घरी घेऊन जातील असं वाटावं. हे पाण्यात उभे, म्हणाले, “घाई नाही.” मग बऱ्याच वेळाने एक हात सुटला, मग दुसरा. यांनी पाठीखाली हात दिला. “श्वास सोडा. जबडा सोडा.” सिस्टरांचे पाय वर आले. चेहरा छताकडे, डोळे घट्ट मिटलेले.

आणि मी पडले टेलिफोन ऑपरेटर. माझ्या तोंडून निसटलंच, “जमलं का हो, सिस्टर?”

सिस्टर जागच्या जागी आवळल्या, बुडाल्या, नाकात पाणी गेलं, फुरफुरत उभ्या राहिल्या. कमरेएवढं तर पाणी. मग दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं. सिस्टरांनी मानेने दार दाखवलं, आणि हे ओरडले, “अगं, तू आधी बाहेर जा!”

मी गेले. त्या दाराला एक काच आहे. तिला नाक लावून उभी राहिले. पुन्हा सगळं पहिल्यापासून झालं, कठडा, एक हात, दुसरा हात, पाय वर. सिस्टर पाण्यावर आडव्या पसरल्या होत्या, शांत, मुठी उघडलेल्या. यांचे ओठ हलत होते, काहीतरी सांगत होते. आणि यांचे दोन्ही हात केव्हाच स्वतःच्या कमरेवर आले होते.

मी काचेवर टकटक करणार होते. पण नाही केली.